मनोऱ्याखालून आलेला आवाज

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. भुताखेतांच्या गोष्टी आमच्या घरात कधी कोणी सांगितल्या नाहीत, आणि सांगितल्या असत्या तरी मी हसलेच असते. मी सिव्हिल इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. जे मोजता येत नाही ते मानायचं कशाला, असं मला वाटायचं. अजूनही बरंचसं तसंच वाटतं. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहिते.

आम्ही बेंगळुरूचेच. किती पिढ्यांपासून, ते आईलाही सांगता येत नाही. घर यशवंतपूरला, मार्केटच्या मागे. आमच्या मराठीत बरंच कन्नड असतं, पुण्याहून आलेल्या मैत्रिणी त्यावर हसतात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते बांधकामावर सिग्नलमन होते — म्हणजे क्रेनला माल लावला की खाली उभं राहून वॉकीटॉकीवर ऑपरेटरला दिशा सांगणारा माणूस.

शहराच्या कडेला एक खूप उंच निरीक्षण मनोरा बांधतायत. नाव मुद्दाम देत नाही. मधोमध काँक्रीटची पोकळ गोल नळी आहे. तिचा साचा जॅकवर वर वर सरकत जातो, आणि त्याच्यामागे नळी वाढत जाते. माथ्यावर उलट्या छत्रीसारखा पसरलेला डेक. त्याला काचेची जमीन बसणार, लोक पायाखाली शहर बघणार. नळीच्या एका अंगाला टॉवर क्रेन, तिची केबिन डेकच्याही वर. दुसऱ्या अंगाला कामगारांची जाळीची लिफ्ट. डेक इतका पसरट आहे की केबिनमधून त्या बाजूचा पायथा दिसतच नाही. ऑपरेटरचे डोळे म्हणजे खालच्या माणसाचा आवाज.

म्हणून या कामात एक नियम असतो. माल हलत असताना सिग्नलमनने सतत बोलत राहायचं. आवाज बंद झाला की ऑपरेटरने हात थांबवायचा, कारण विचारत बसायचं नाही. बाकीचे "नीचे, नीचे, नीचे" म्हणतात. अण्णा आणि माझा दादा आधी एका बिल्डिंगवर एकत्र होते. दादा क्रेनवर, अण्णा खाली. तेव्हा अण्णा आपल्या घरच्या मराठीतच बोलायचे — "येऊ दे, येऊ दे, स्वल्प येऊ दे..." स्वल्प म्हणजे थोडं. सुपरवायझर ओरडायचा, "ये कौन सी भाषा है?" अण्णा म्हणायचे, "साब, क्रेन को समझती है."

या मनोऱ्यावर मात्र अण्णांचा ऑपरेटर दुसरा होता. मागच्या वर्षी एका दुपारी अण्णांच्या वॉकीटॉकी सेटची बॅटरी गेली. आवाज बंद झाला. पण काम मागे पडलं होतं, फोरमन घाई करत होता, आणि ऑपरेटरने हात थांबवला नाही. सळ्यांचा गठ्ठा अण्णांवर आला.

तिसऱ्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजर घरी आले. अण्णांच्याच खुर्चीवर बसले. म्हणाले, "तुमच्या माणसाचीच चूक. सेट चार्ज नव्हता, स्वतः मालाखाली गेले."

दादाने विचारलं, "सर, आवाज बंद झाल्यावर क्रेन का थांबली नाही?"

"अरे, नियम पुस्तकात असतात. साइट वेगळी असते."

मग माणुसकी म्हणून त्यांनी दादाला त्याच क्रेनवर नोकरी दिली. दादाने ती घेतली, कारण माझं कॉलेज सुरू राहायला हवं होतं. आणि कॉलेजने मला इंटर्नशिपही तिथेच दिली... सेफ्टी केबिनमध्ये. मी नको म्हणू शकले असते का? कदाचित. पण कोणाला म्हणायचं तेच मला कळलं नाही.

तो दिवस. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. नवा सिग्नलमन रफीक केबिनवरून जाताना नेहमीसारखा म्हणाला, "इंजिनियर मॅडम, आज भी कुर्सी संभालोगी?" मी म्हटलं, "तुम क्रेन संभालो." तो हसत नळीमागे गेला. दादा वरून डेकसाठीची एक पोलादी तुळई उचलत होता. टेबलावरच्या सेटवर रफीकचा आवाज येत होता — ऊपर, ऊपर, ऊपर.

अर्ध्यावर वारा सुटला. असा तसा नाही, पत्रे वाजायला लागले. वाऱ्याने कामगारांची लिफ्ट आपोआप बंद पडली आणि मध्येच लटकली. तिच्यात माणसं होती. आणि त्यांच्याबरोबर प्रोजेक्ट मॅनेजर होते.

त्याच क्षणी रफीकचा आवाज तुटला. बॅटरी.

मी बाहेर धावले. तुळई झोके घेत लिफ्टकडे जात होती. नियमाप्रमाणे दादाने हात थांबवला होता. पण थांबलेली तुळई वाऱ्यावर जास्तच झुलत होती. त्याला यातलं काही दिसत नव्हतं. मी परत आत आले, सेट उचलला आणि बटण दाबणार...

"डावीकडे घे. स्वल्प. अजून स्वल्प."

मी बटण दाबलं नाही. दाबता आलं नाही.

"आता येऊ दे. येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

घाई नाही, घाबरणं नाही. सुपारी चघळत बोलल्यासारखा तो आवाज. दारातून मला तुळई दिसत होती. ती आधी लिफ्टपासून बाजूला सरली, मग त्या आवाजाच्या तालात खाली आली, आणि मोकळ्या जागेवर टेकली.

"टेकलं रे बाळा."

मग खरखर.

केबिनमधले सेफ्टी ऑफिसर माझ्या शेजारीच उभे होते. मी विचारलं, "सर, आवाज ऐकलात?"

"कसला आवाज? सेट मघापासून खरखरतोय."

रफीक नळीमागून धावत आला. त्याच्या हातातला सेट पूर्ण मेलेला होता. तो खालून हात हलवत होता, ओरडत होता, पण वर कोणाला दिसणार!

संध्याकाळी दादा घरी आला. मीच विचारलं, "शेवटी काय म्हणाले?"

"तू आधी सांग."

"टेकलं रे बाळा."

दादा तिथेच उंबऱ्यावर बसला आणि रडला. मी त्याला याआधी काहीच सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही मला. आईने फक्त विचारलं, "आवाज बसलेला होता का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "सरी, ठीक. मग बरे आहेत."

दोन दिवसांनी चौकशी झाली. प्रोजेक्ट मॅनेजर टेबलाच्या पलीकडे होते, हाताला साधं खरचटलेलंही नव्हतं. प्रश्न एकच — सिग्नल बंद झाल्यावर ऑपरेटरने क्रेन का हलवली?

दादाने खरं सांगितलं. मीही सांगितलं.

"तू त्याची बहीण आहेस," ते म्हणाले. "तुझं काय धरायचं?" मग दादाकडे वळून, जरा मवाळपणे, "डोक्यावर ताण आलाय तुझ्या. असा माणूस मी एवढ्या उंचीवर बसवू शकत नाही. आवाज बंद म्हणजे हात बंद. नियम म्हणजे नियम."

दादा म्हणाला, "सर, हाच नियम मी तुम्हाला आमच्या घरी विचारला होता."

त्यांनी फाईल मिटली.

दादा आता इंदिरानगरला स्कूटरवरून जेवणाचे डबे पोहोचवतो. दुसऱ्या कुठल्या साइटवर घेत नाहीत, "आवाज ऐकणारा ऑपरेटर" ही गोष्ट त्याच्या आधी पोहोचलेली असते. अण्णांच्या नावावरची चूक अजून तशीच आहे.

मी शिकलेल्या सगळ्या गोष्टी लावून बघितल्या. दुसऱ्या चॅनेलचा आवाज घुसला असेल? पण तिथे असली कन्नड मिसळलेली मराठी आमच्याशिवाय कोणीच बोलत नव्हतं. भास म्हणावा, तर दोघांना एकच भास, एकच शब्द? आणि भासाला तुळई आणि लिफ्टमधलं अंतर कसं दिसलं? एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "परीक्षा जवळ आलीय, अभ्यास कर." माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

आई म्हणते, अण्णा होते, विषय संपला. माणसं लटकलेली बघून ते गप्प कसे राहतील? आत कोण आहे ते विचारत बसले नसतील.

असेल. पण मला राग येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही. त्या माणसाचा जीव वाचवायला अण्णांना आवाज सापडला. तोच माणूस आमच्या घरात बसून तुमच्या माणसाचीच चूक म्हणाला, तेव्हा आम्ही तिघं समोर उभे होतो, आणि कुठूनच काही आलं नाही... साधी खरखरसुद्धा नाही.