सहावा कुणीच नाही

आंतोन मास्तरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते वर्सोव्याच्या वाळूत, पालथे पडलेले. अंगात रविवारच्या मिस्साला घालायचा काळा कोट, एक डोळा मिटलेला, दुसरा शर्यतीच्या दोरीवर. माणसाला भोवळ आली असं समजून एक म्हातारी पाणी घेऊन धावली. मास्तर तिला म्हणाले, "बाय, बाजूला हो. छाती दिसत नाही."

ज्याची छाती दोरीला आधी लागेल तो पुढचा, एवढंच पंच म्हणून ते मानत. "हात लांबवता येतो, पाय फेकता येतो. छाती माणसाला सोडून पुढे जात नाही," असं ते सांगत.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. आमच्या ख्रिस्ती पाखाडीची आणि कोळीवाड्याची दरवर्षी शर्यत लागे. मास्तरांचा पुतण्या जुझे पहिला येई, आणि एका पोराच्या जोरावर अख्खं गाव कसं जिंकतं म्हणून कोळीवाडा भांडे. शेवटी मास्तरांनी नियमच बदलला. दोन्हीकडून तिघं पळणार, तिघांच्या क्रमांकांची बेरीज करायची, आणि जिची बेरीज कमी ती बाजू जिंकली. हे कुणाच्या पचनी पडेना. माझी आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, कमी आकड्याने जिंकतात तर आमचा पेद्रू शाळेत कायम जिंकतच आला.

तिसरा गडी मिळेना म्हणून पाखाडीने मला उभं केलं. मी बेकरीत कामाला होतो आणि ते अंगावर दिसत होतं. कोळीवाड्याचा तिसरा धाकू, माझ्याहून रुंद.

जुझे पहिला आला. दुसरा, तिसरा त्यांचा, चौथा आमचा. दोन्हीकडे पाच-पाच झाले आणि सगळं आम्हा दोघांवर येऊन ठेपलं. एरवी पहिला आला की घरी जाणारे लोक उलटे आमच्याकडे धावत सुटले. कोळणी टोपल्या टाकून धाकूच्या बाजूने, आई लुगडं खोचून माझ्या बाजूने. धाकूला हसू फुटलं, ते पाहून मलाही. हसत, धापा टाकत आम्ही दोरीपाशी आलो. मी हात पुढे फेकला, तो दोरीला आधी लागला.

पाखाडी नाचायला लागली. मास्तर उठले, कोटाची वाळू झटकली आणि म्हणाले, "हात मोजणीत धरत नाही. छात्या एकदम लागल्या. दोघं पाचवे. शर्यत बरोबरीत."

जुझेचा बाप, म्हणजे मास्तरांचा सख्खा भाऊ, खवळला. माझ्या घरची पायरी चढू नकोस म्हणाला. तेवढ्यात आईने विचारलं, "मग सहावा कोण?"

"कुणीच नाही. आज शेवटचा कुणी आलाच नाही."

मग धाकूच्या आईने माझ्या आईचा हात धरला आणि वाळूतच फेर सुरू झाला. जुझेचा बाप तेवढा पाठ फिरवून उभा होता, पण त्याचा पायही ताल धरत होता.

काही वर्षांनी मास्तर गेले. शवपेटीला एका बाजूने मी खांदा दिला, दुसऱ्या बाजूने धाकूने. दोघंही तसेच जाड, दोघांनाही धाप लागलेली. दफनभूमीच्या चढावर धाकू हळूच म्हणाला, "पेद्रू, घाई नको रे. बरोबरीने चाल."