फाटकावरचं कुलूप

नगरपालिकेच्या फाटकाला एक गंजकं कुलूप उगाच लटकतंय. मागे पाण्यासाठी ‘टाळे ठोको’ आंदोलन झालं, तेव्हाचं. शेजारच्या सुमनकाकूंनी ते स्वतःच्या हातानं लावलं होतं. दिवसभर कचेरी बंद राहिली. पोलिसांनी काकूंना गाडीतून नेलं, चहा पाजला आणि संध्याकाळी घरी सोडलं.

आज जाता-येता त्या कुलपाकडेच लक्ष जातंय, कारण सकाळी पेपरात एक बातमी वाचली. दूरच्या एका शहरात एका मुलीनं पाण्यासाठीच पालिकेची वेबसाइट हॅक करून दिवसभर बंद पाडली. उघडली की नुसता रिकामा हंडा दिसायचा. तिला तीन वर्षांचा तुरुंगवास झालाय.

खोळंबा तर दोन्हीकडे सारखाच झाला असेल. मग एकीला चहा आणि दुसरीला तुरुंग, हे कसं? न दिसणाऱ्या हाताची माणसाला जास्त भीती वाटते का?

काकू मेथी निवडत होत्या. त्यांनाच विचारलं.

“मी कुलूप लावून तिथंच पायरीवर बसले होते,” त्या म्हणाल्या. “लोकांच्या शिव्या तोंडावर खाल्ल्या. ती कुठं होती?”

“घरात.”

“मग चुकलंच तिचं.”

त्यांनी जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, “पण तीन वर्षं? आणि काय गं, तिथं पाणी आलं का?”

मी पेपर पुन्हा उघडला. शिक्षेची बातमी चांगली सविस्तर होती. पाण्याबद्दल एक ओळही नव्हती.