जेलीवाल्या अक्कांचा सूड

अक्का कुणालाही माफ करत नसत, आणि हे त्या समोरच्याला जेवायला वाढता वाढता सांगत. "मी विसरत नाही बघ, तंबी," म्हणायचं आणि माझ्या भातावर आणखी एक डाव रसम ओतायचं, ही त्यांची रीत. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, सगळा जन्म चेन्नईत गेलेला. मी सांगलीहून नोकरीसाठी आलो होतो. त्यांची ती जुन्या वळणाची, तमिळ हेलाची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू फुटलं. ते त्यांनी पाहिलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी फक्त तमिळमध्ये बोलायला लागल्या. मला तेव्हा त्या भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं.

नोकरीच्या काळात त्या तांबरमच्या एका कॉलेजात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायच्या. तिथल्या विभागप्रमुखांनी स्वतःच्या हातून फुटलेला थर्मामीटर अक्कांच्या नावावर ढकलला होता. सोळा वर्षांनी ते साहेब निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात अक्कांनी चकचकीत कागदात गुंडाळून त्यांना नवाकोरा थर्मामीटर भेट दिला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. साहेब मात्र घामाने डबडबले. हे सांगताना अक्का अशा काही खुलायच्या की ऐकणाऱ्यालाही कुणाचा तरी सूड घ्यावासा वाटे. त्याच वेळी त्यांनी तसाच एक थर्मामीटर स्वतःसाठी घेतला होता. तो त्यांच्या स्वयंपाकघरात सांडशीशेजारी टांगलेला असायचा.

त्यांचा माझ्याशी तमिळ अबोला चालू असतानाच मला टायफॉइड झाला. दोन आठवडे अँटिबायोटिक घेऊन ताप उतरला, पण पोटाने असहकार पुकारला. काही पचेना. डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या, त्याही घशाखाली उतरेनात. चौथ्या दिवशी दार वाजलं. दारात अक्का, हातात स्टीलची वाटी, वाटीत डाळिंबाच्या रसाची लालबुंद जेली. "कॅप्सूल नक्को तर ही खा," त्या म्हणाल्या, चक्क मराठीत. आठ दिवस त्या सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन आल्या आणि ती रिकामी होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. नवव्या दिवशी मी ऑफिसला निघालो, तर जिन्यात पुन्हा तमिळ सुरू. शेवटी मी वॉचमनकडून चार वाक्यं पाठ करून घेतली आणि तमिळमध्ये माफी मागितली. तेव्हा त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला. "आजारी माणसावर राग काढायचा नाही. आधी बरं करायचं, मग बघून घ्यायचं."

जेली कशी करायची हे मी त्यांच्या ओट्याशी उभा राहून शिकलो. जिलेटिन त्या घरात येत नसे. ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं म्हणून त्या चायना ग्रास वापरायच्या. कॉलेजात ज्या समुद्री शेवाळाच्या थरावर त्यांनी जन्मभर जंतू वाढवले, तेच हे, म्हणायच्या. थोड्या पाण्यात ते उकळून पार विरघळवायचं, त्यात ताजा रस घालायचा आणि मग थर्मामीटर बुडवून वाट पाहायची. फार गरम असताना कॅप्सूलची पूड घातली तर जंतू मरतात, आणि फार थांबलं तर जेली भांड्यातच धरते. चाळीस अंशांच्या जरा वर पारा आला की पूड घालून ढवळायचं आणि भराभर वाट्या भरायच्या. ती दोन मिनिटं अक्का कुणाशी बोलत नसत. एकदा फोन वाजला म्हणून मी वळलो, तर ढवळायचा चमचाच माझ्या मनगटावर बसला.

इमारतीतली पोरं रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जेली खायला जमायची. त्यांनीच त्यांना जेली-अक्का हे नाव दिलं होतं. हे सगळं एका सभेने संपवलं. गच्चीवरच्या टाकीत शेवाळ साचलंय आणि ती कित्येक महिन्यांत धुतलेली नाही, असं अक्का सोसायटीच्या सभेत उभं राहून म्हणाल्या. टाकी बघायचं काम सेक्रेटरीबाईंचं. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या या बाई सदा इस्त्रीच्या साडीत असत आणि चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तीन दिवसांनी त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की, अक्कांच्या जेलीमुळे आमच्या नातीला जुलाब झाले, त्या पोरांच्या खाण्यात जंतू मिसळतात, सर्वांनी सावध राहावं.

दुसऱ्या दिवशी एकही पोर आलं नाही. अक्कांनी नेहमीसारख्या बारा वाट्या भरल्या होत्या. तिसऱ्या दिवशीही भरल्या. मी ऑफिसातून आलो तेव्हा बाराच्या बारा ओट्यावर तशाच होत्या, कडेने पाणी सुटलेल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही. पण माझ्या मनात त्या सेक्रेटरीबाईंविषयी जो राग बसला तो आजही उठलेला नाही, आणि उठावा अशी माझी इच्छाही नाही.

त्या वर्षी पोंगलला इमारतीत पौष्टिक खाऊची स्पर्धा होती. सेक्रेटरीबाईंनी, काय धाडस बघा, अननसाची प्रोबायोटिक जेली करायचं जाहीर केलं. आदल्या दिवशी जिन्यात आम्ही त्यांच्या पिशवीत ताजा अननस आणि जिलेटिनचं पाकीट पाहिलं. अक्कांनी माझा दंड इतका दाबला की वळ उठला. न उकळलेल्या ताज्या अननसाच्या रसात जिलेटिन कधीच धरत नाही. चायना ग्रास धरतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर मोठ्या थाटात साचा उपडा केला आणि पिवळं पाणी टेबलावरून त्यांच्या रेशमी पट्टूच्या साडीवर उतरलं. मी हसून हसून बेजार झालो. अक्का हसल्या नाहीत. हाडांची गोष्टही त्यांनी बाहेर काढली नाही, आणि त्या शुद्ध शाकाहारी बाईंना ती आजतागायत ठाऊक नाही.

"झाला की सूड," मी घरी आल्यावर म्हणालो.

"ह्यो कसला सूड? ते अननसानं केलं. माझा सूड एवढाच. जिथं लिहिलंन, तिथंच तिनं लिहायचं. मी खोटं बोलले म्हणून."

त्यासाठी त्या चार वर्षं थांबल्या. ग्रुप त्यांनी सोडला नाही. रोज सकाळी चष्मा लावून तो वाचायच्या, पाणी कधी जाणार, लिफ्ट कधी दुरुस्त होणार, सगळं. आपण कशासाठी वाचतोय हे त्या बोलत नसत आणि मी विचारत नसे. गेल्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबरात, एका सकाळी त्यांना छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या गेल्या. कोइमतूरहून आलेल्या त्यांच्या लेकीने घर आवरताना थर्मामीटर माझ्या हातात दिला. आईने तसं सांगून ठेवलं होतं म्हणे.

दोन महिन्यांपूर्वी सेक्रेटरीबाई आजारी पडल्या. छातीत कफ, मग अँटिबायोटिक, मग माझ्यासारखंच पोट. त्यांचे यजमान माझ्या दारात आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, अक्का ते करायच्या ना, तुम्हाला येतं का? माझ्या जिभेवर 'नाही' आलं होतं. पण मी डाळिंब सोलायला घेतलं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन मी पहिल्या मजल्यावर गेलो आणि ती रिकामी होईपर्यंत समोर उभा राहिलो. मी इतक्या रागाने कुणाचीच सेवा केलेली नाही. सातव्या दिवशी त्यांनी दोन इडल्या खाल्ल्या. नवव्या दिवशी आपल्या पायांनी खाली फिरायला उतरल्या.

त्या संध्याकाळी मी रिकाम्या हाताने गेलो. म्हटलं, आता बऱ्या झालात, आता ग्रुपवर लिहा. काय लिहायचं, हे त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ बसून त्यांनी तमिळमध्ये टाईप केलं आणि फोन मला दाखवला. एव्हाना मला तमिळ वाचता यायचं. अक्कांच्या जेलीने माझ्या नातीला काही झालं नव्हतं, टाकीतल्या पाण्याने झालं होतं, मला तेव्हाच माहीत होतं. ते शेवटचं वाक्य मी मागितलेलं नव्हतं. ते वाचून माझा राग कमी व्हायला हवा होता, तो दुप्पट झाला.

मी त्यांना 'पाठवा' म्हणालो. त्यांनी पाठवलं. ग्रुपवर कुणी हात जोडले, कुणी बारा वाट्यांची आठवण काढली, तेव्हाची पोरं आता कॉलेजात आहेत, त्यांतल्या एकीने नुसतं जेली-अक्का एवढंच लिहिलं. बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, झालं ना समाधान?

मी त्यांचा फोन हातात घेतला आणि तो निरोप कुणाकुणाला पोहोचला, ती यादी उघडली. सगळी इमारत त्यात होती. न पोहोचलेल्यांत एकच नाव होतं. अक्कांचा नंबर ग्रुपमधून कुणी काढलेला नव्हता. फोन बाईंच्या समोर धरला आणि त्यांनी ते नाव वाचेपर्यंत तिथेच उभा राहिलो.