पोटातली खूण

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक हवालदारबाई राहते. नाव आहे तिला, पण ते पगारपत्रकापुरतं. बाकी सगळी वस्ती तिला खबरताई म्हणते, आणि ती त्यालाच ओ देते.

पोलीस चौकीची रोजची खबर वस्तीला कळवणं हे तिचं काम. बारा वर्षं झाली. सुरुवातीला चौकीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायची. येणारेजाणारे थांबून वाचायचे आणि बाही घासून एखादी ओळ पुसून जायचे, ती पुन्हा लिहायची. मग फोनवर ग्रुप निघाला. संध्याकाळी सहाला घरी यायची, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मजकूर तयार करायची आणि भाजी चिरणाऱ्या नवऱ्याला वाचून दाखवायची. तो निवृत्त बसचालक, मोजकं बोलणारा. त्याची सुरी थांबली तर मजकूर चांगला, नाही थांबली तर पुन्हा लिहायचा.

मजकूर कसा, तर असा: ‘बागेच्या फाटकापाशी सापडलेल्या कवळीला अजून मालक नाही. जेवणाची वेळ होत आली आहे, संबंधितांनी घाई करावी.’ किंवा: ‘परवाची छत्री बाईंना परत मिळाली. मधल्या काळात त्यांनी नवी घेतली होती. आता त्यांच्याकडे दोन आहेत.’ एकदा सुरू केलेली गोष्ट तिने कधी अधांतरी सोडली नाही. सायकल गेली म्हणून लिहिलं, की ती मिळाली किंवा नाही मिळाली हेही लिहिणार. लोक टीव्ही बंद करून वाचायचे. मी आयुष्यभर कॉलेजात भाषा शिकवली, तेव्हा मला यातलं थोडंफार कळतं. ती चांगली लिहिते.

तिची दुसरी सवय व्यवहाराची होती. सापडलेल्या वस्तूचं सगळं वर्णन द्यायची, पण एक खूण पोटात ठेवायची. मागायला येणाऱ्याला तीच विचारायची. बारा वर्षांत एक वस्तू चुकीच्या हातात गेली नाही.

मग नवे साहेब आले. हुशार माणूस, पण इस्त्री जरा जास्त. आठवड्याभराची खबर वाचून त्यांनी तिला विचारलं, की ही पोलीस चौकी आहे की गप्पांचा कट्टा? दुसऱ्या दिवसापासून खबर साहेब स्वतः देऊ लागले आणि खबरताई जप्त मालाच्या खोलीत चिठ्ठ्या चिकटवू लागली. महिनाअखेर हे कायमचं होईल, असं साहेबांनी सांगून टाकलं.

तिची संध्याकाळी सहाला टेबलाशी बसायची सवय जाईना. नुसती बसायची. नवऱ्याने मला जिन्यात गाठून सांगितलं, “मावशी, भाजी फार बारीक चिरली जाते हल्ली.” त्या माणसाच्या तोंडून एवढं वाक्य निघणं म्हणजे प्रकरण गंभीर.

साहेबांची खबर अशी: ‘चोऱ्या २. निकाली १. नागरिकांनी सतर्क राहावे.’ कोणाच्या चोऱ्या, काय गेलं, निकाली म्हणजे काय, देवाला ठाऊक. लोक ग्रुप बंद करायला लागले. महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा मी काठी उचलली आणि साहेबांना चार शब्द सुनवायला चौकीत गेले.

पण तिथे आधीच भांडण जुंपलं होतं. टेबलावर एक काळं शिलाई मशीन. चोराने पहाटे उचललं, वजन झेपलं नाही म्हणून पुलाखाली टाकून दिलं. झाडूवाल्यांनी नऊ वाजता आणून दिलं. साहेबांनी उत्साहाने चार बाजूंनी चार फोटो काढले, मशीनचा नंबर, चाकाला बांधलेली निळी चिंधी, सगळं खबरेत टाकलं. अकरापर्यंत चार मालक हजर. चौघांनाही नंबर पाठ, चौघांनाही चिंधी माहीत.

चौथी आमची शिवणवाली. दुकान उघडायला गेली तेव्हा तिला चोरी कळली. मशीन तिच्या सख्ख्या मावशीकडून आलेलं, कागद नाही. तिचं पोट त्या मशीनवर, आणि रडू आवरत नव्हतं. बाकीचे तिघे तिच्यापेक्षा मोठ्याने रडत होते.

साहेबांच्या कपाळावर घाम. खबरताई आतून डिंकाची बाटली हातात घेऊन आली. साहेब हळू आवाजात म्हणाले, “आता कसं ठरवायचं?”

“सगळं सांगून टाकलंत, साहेब. विचारायला काही ठेवलंच नाहीत.”

“मग?”

“मी ठेवलंय.”

सकाळी मशीन आत ठेवताना तिने सवयीने खालची पट्टी सरकवून बघितली होती आणि पुन्हा लावून टाकली होती. तिने चौघांना चार बाजूंना बसवलं, चिठ्ठी आणि पेन्सिल दिली. प्रश्न एकच: आतल्या बॉबिनला, म्हणजे खालच्या रिळाला, कुठल्या रंगाचा दोरा आहे?

फोटोत वरचं रीळ पांढरं दिसत होतं. दोघांनी लिहिलं, पांढरा. तिसरा स्वतःला शहाणा समजणारा. त्याने लिहिलं, पांढरा, पण जरा मळका. शिवणवाली मात्र पेन्सिल धरून नुसती बसली. माझ्याकडे बघायची, खाली बघायची.

आता मला उलगडा झाला. माझ्या उशांचे अभ्रे हिनेच शिवलेले. उलटे केले की आतून जांभळी टीप! मी विचारलं तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाली होती, की मावशी, तुमच्या कापडाचा रंग उतरला असेल. वर पांढरा, खाली उरलेला कुठलाही, असा बाईंचा कारभार. खरं लिहावं तर गिऱ्हाईकासमोर इज्जत जाते, न लिहावं तर मशीन.

“लिही गं,” मी म्हणाले. “अभ्र्यांचं आपण नंतर बघू.”

तिने लिहिलं, जांभळा. खबरताईने पट्टी सरकवली. जांभळाच. ते तिघे मागच्या दाराने कधी सटकले ते कळलंही नाही. साहेबांनी शिपायाला त्यांच्या मागे धाडलं. मग त्यांनी खिशातून चौकीचा फोन काढून खबरताईसमोर ठेवला.

“वीस ओळींच्या आत बसवा,” ते म्हणाले. “आणि कवळीचं पुढे काय झालं ते लिहा. माझी बायको विचारते.”

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर सुरी थांबली असणार. खबर आली, त्यात हेही होतं: ‘पुलाखालचं मशीन मालकिणीकडे पोचलं. कसं ओळखलं ते सांगणार नाही. कवळीचे मालक बाहेरगावी होते, ते आले आणि जेवले.’ एकवीस ओळी झाल्या होत्या, मी मोजल्या.

शिवणवालीने माझे अभ्रे उसवून पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा शिवून दिले, न सांगता. हे सगळं लिहायला तिची परवानगी आहे. मात्र आता खाली कुठला दोरा घालते, ते सांगायचं नाही अशी अट आहे.