लूमवाल्यांचे कान

संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला आमच्याकडे तेव्हा दोनच गोष्टी सुचवल्या जात. बँकेची परीक्षा दे, नाहीतर लग्न कर. वडील स्वतः बँकेत, त्यांच्याच बदलीमुळे आम्ही सुरतेत आलो होतो. त्यामुळे पहिली सूचना सकाळच्या चहाबरोबर मिळायची आणि दुसरी संध्याकाळी आईकडून. मी तिसरंच काहीतरी केलं. एका संशोधन प्रकल्पात जाऊन चिकटले.

यंत्रमागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून कारागिरांचे कान किती बिघडतात, एवढंच शोधायचं होतं. पण त्यासाठी एका टेबलाभोवती चार जाणकार बसायचे आणि चौघांची तोंडं चार दिशांना. कान तपासणाऱ्या डॉक्टरबेन, कायदा शिकवणारे आणि कामगारांचे खटले लढवणारे वकीलसाहेब, आकडेमोडीचे माझे सर, आणि शेतकी कॉलेजातले एक प्राध्यापक. कानाच्या कामात शेतकीचा काय संबंध, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. नको तिथे प्रश्न विचारायची खोड मला लहानपणापासूनच आहे. सर म्हणाले, "तुलना कुणाशी करणार? तुझ्या वडिलांच्या मॅनेजरशी?" लूमवर काम करणारे आमचे बहुतेक कारागीर खानदेशातले. मग त्याच भागातली, त्याच वयाची, तसंच अंग मोडून काम करणारी, पण लूमचा आवाज कधी न ऐकलेली माणसं हवी होती. सुरतेबाहेर चलथाणच्या आसपास ऊसतोडीला तशी माणसं येत आणि त्यांच्यात या प्राध्यापकांची ऊठबस होती.

मला घेतलं ते मराठी येतं म्हणून. गुजराती मंडळींना वाटायचं, मराठी म्हणजे सगळं एकच. नवागाम आणि बमरोली या कामगार वस्त्यांतल्या खोल्यांमधून लोक घरात अहिराणी बोलायचे आणि पहिले काही आठवडे ती माझ्या डोक्यावरून जायची. माझं छापील मराठी ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसत. "पुस्तकनी ताई उनी," पुस्तकातली ताई आली, असं त्या एकमेकींना सांगायच्या. मला राग यायचा आणि पुन्हा जावंसंही वाटायचं.

नवागामच्या एका खोलीत एक कारागीर बायकोबरोबर राहत होते. मी त्यांना भाऊ म्हणायचे. पंचेचाळिशीचे, सडपातळ, मिशा नीट कातरलेल्या. अर्धं आयुष्य त्यांनी लूमवर काढलेलं. एकदा आडवा धागा घेऊन धावणारा मागाचा धोटा निसटून उडाला. आजूबाजूचे सगळे ओरडले, पण भाऊ जागचे हलले नाहीत आणि धोटा त्यांच्या खांद्यावर बसला. शेठने दुसऱ्या दिवशी सांगितलं, बहिरा माणूस खात्यावर नको. (कारखान्याला तिथे खातं म्हणतात.) वकीलसाहेबांनी त्यांची केस हाती घेतली. लूमनेच कान गेले, तेव्हा भरपाई द्या, असा त्यांचा मुद्दा होता आणि आमचे आकडे त्यांना त्यासाठीच हवे होते.

भाऊंना भरपाई नको होती. त्यांना काम परत हवं होतं. तपासणी म्हणजे त्यांच्या दृष्टीने परीक्षा, आणि पास झालं की खात्यावर पुन्हा उभं राहता येईल, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

"ताई, मना कान एकदम चोख शेतस," ते मला म्हणाले. "तुम्ही तपासा, मंग शेठले दखाडा."

वकीलसाहेब कपाळावर हात मारत. "अरे भाई, कान अच्छे निकले तो मैं केस किसका लडूंगा?"

भाऊ नुसते हसायचे. त्यांच्याशी बोलताना मला तरी कधी काही अडचण आली नाही. मी हळू बोलले तरी ते लगेच उत्तर द्यायचे. शेठने उगाच कांगावा केला, असंच माझं मत होत चाललं होतं.

तपासणी बमरोलीतल्या एका खोलीत, खात्यांच्या सुट्टीच्या वारी व्हायची. यंत्रातून बारीक टूं असा आवाज निघतो, हेडफोनमधून तो ऐकू आला की हात वर करायचा, एवढीच रीत. माणसाने डॉक्टरांकडे पाठ करून बसायचं असतं. पण पहिल्याच दिवशी वयस्क कारागिरांनी बंड केलं. भिंतीकडे तोंड करून बसायला आम्ही काय शाळेत शिक्षा झालेली पोरं आहोत? आणि डॉक्टरीणबाईंना पाठ दाखवायची, हे काय वागणं झालं? अर्धे लोक उठून चालायला लागले. शेवटी डॉक्टरबेननी खुर्ची वळवून घेतली, यंत्राच्या बटणापुढे एक पुठ्ठा उभा केला आणि म्हणाल्या, "हवे शुं वांधो?" कुणालाच काही वांधा दिसला नाही. पुठ्ठ्याआडचं बटण खरंच कुणाला दिसत नव्हतं.

निकाल आले आणि सगळे गार पडले. लूमवाल्यांचे कान ऊसतोडीवाल्यांपेक्षाही तल्लख निघाले. भाऊ तर पहिल्या नंबरातले. वकीलसाहेबांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही शेठचं मीठ खाल्लं होतं. सर मात्र खूश होते. आकडा अंदाजाच्या उलटा आला की त्यांचे डोळे चमकायचे. "कुठेतरी पाणी मुरतंय, शोध," असं त्यांनी मला सांगितलं. मी शोधत राहिले, पण हाताला काही लागेना.

भाऊंनी मात्र शेजाऱ्यांना पेढे वाटले.

तेवढ्यात शहरात प्लेग आला. मिळेल त्या गाडीने लोक गावी पळाले. वस्त्या ओस पडल्या आणि आमचं काम थांबलं. दिवाळीच्या सुमारास माणसं परतू लागली, पण भीती पुरती गेली नव्हती. जो तो नाकातोंडावर रुमाल बांधून हिंडायचा. आईने मलाही रुमालाशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही.

तशीच मी नवागामला गेले. भाऊ दारात बसले होते. मी विचारलं, "भाऊ, गावाहून कधी आलात?" त्यांनी नुसतं पाहिलं. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. ते गोंधळून आत बायकोकडे बघायला लागले. गावाहून माणूस बदलून आला की काय, असं मला वाटलं. रुमालात दम कोंडला म्हणून मी तो खाली ओढला आणि तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू. लगेच उत्तर आलं, "कालदिन उनू ना, ताई!"

माझ्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. पुढे मी जे केलं ते शिष्टाचाराला धरून नव्हतं, पण मला राहवेना. आवाज अजिबात न काढता मी नुसते ओठ हलवले. चहा झाला का?

"व्हयना ना," होकाराची मान हलवत भाऊ म्हणाले. "तुमीबी ल्या घोटभर."

तो चहा मी कसा प्यायले ते मला आठवत नाही. खात्यावर सगळे असंच बोलतात, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. त्या खडखडाटात आवाजाचा उपयोगच नसतो, म्हणून ओठ, भुवया आणि बोटं यांवर भागवतात. ती सवय घरापर्यंत येते, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. भाऊंच्याही नाही. ते मला फसवत नव्हते. समोरच्याचे ओठ हलले की आपल्याला आवाजच आला, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबेनना यंत्रापुढे बसवलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसले. हेडफोन कानाला लावलाच नाही. थोड्या वेळात मी बरोबर हात वर करू लागले. बटण दाबलं की डॉक्टरबेन दर वेळी पटकन मान उचलून समोर बघत. आला का हात वर, एवढंच त्यांना पाहायचं असे. ऊसतोडीवाले डोळे मिटून ऐकायचे, त्यांना ते दिसलंच नव्हतं. आमचे लूमवाले आयुष्यभर तोंडं वाचत आलेले. डॉक्टरबेन आधी चिडल्या, मग हसत सुटल्या. सरांनी मला पहिल्यांदाच शाबासकी दिली, आणि मी अक्षरशः हवेत होते.

खटल्याचं आधीच सांगून टाकते. पुढे वकीलसाहेब जिंकले. भाऊंना भरपाई मिळाली. खात्यावर मात्र त्यांना कुणी परत घेतलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, दुसऱ्या तपासणीचं. या वेळी सगळ्यांना पाठ करून बसवायचं ठरलं होतं, आणि मी आधी घरोघरी जाऊन समजूत काढली होती. भाऊंनी तर माझ्या शब्दाखातर सर्वांत आधी खुर्ची भिंतीकडे वळवली. धुतलेला शर्ट घालून आले होते. बायको माझ्या शेजारी बाकावर बसली. भाऊंनी हेडफोन लावला, पाठ ताठ केली आणि उजवा हात मांडीवर तयार ठेवला. डॉक्टरबेननी सुरुवात केली. आवाज वाढवत नेला. आणखी वाढवला. शेवटी तर हेडफोनच्या बाहेर, बाकावर बसलेल्या आम्हालाही तो बारीक ऐकू यायला लागला. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. भाऊंचा हात मांडीवर तसाच होता. मला हवं होतं तेच डोळ्यांसमोर घडत होतं, माझं म्हणणं खरं ठरत होतं, आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

डॉक्टरबेननी यंत्र बंद केलं. मग भाऊंनी भिंतीकडे बघतच मोठ्याने विचारलं, "ताई, कव्हय सुरू करशात?"

मी तिथूनच उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. उठून खुर्चीला वळसा घातला, भिंत आणि ते यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरले आणि त्यांच्या समोर उभी राहून म्हणाले, "झालं, भाऊ. संपली तपासणी."

त्यांनी माझे ओठ नीट पाहिले. मग मांडीवरच्या हाताकडे पाहिलं.

"पन मी तं हातच उचला नही," ते म्हणाले.