मंगलचे सुटलेले दोन ठोके

आपल्या पोरीचं कुणी कौतुक केलं तर चुलतीला आनंद व्हावा का संताप? मला संताप येतोय. कावून येतोय ते आधी ऐकून घ्या, मग मला खाष्ट म्हणा.

मी केसरबाई, चकलांब्याची. मंगल माझ्या दिराची लेक. तिचे मायबाप दसरा झाला की उसाला जातेत, ते गुढीपाडव्याच्या आसपास माघारी येतेत. पोरीची शाळा बुडू नये म्हणून सातव्या वर्षापासून मीच तिला संभाळली. आता तेवीसची हाय. उमापूरला झेरॉक्सच्या दुकानात काम करती आन् 'खडीक्रशर' नावाच्या बँडात ड्रम वाजवती. नाव ऐकून हसू नका. आमच्याच भागातल्या पोरांनी काढलाय तो. सोमेश्वर गातो आन् गिटार वाजवतो, त्योच पुढारी. ड्रम आणलेत एका बंद पडलेल्या बँजो पार्टीकडून. त्यातल्या मोठ्या ड्रमावर अजून नवरदेवाच्या घोड्याचं चित्र हाय.

ठेका तिला शिकवला आमच्या मालकांनी. नाव घेऊ न्हाई म्हणतेत, पर घेते, आश्रुबा. नारायणगडाला सप्ता असला की ते पखवाजाला बसतेत. मंगल बारा वर्षांची असंल, एक दिवस त्यांच्या माघारी पखवाज मांडीवर घेऊन बसली. मालक आले, आन् रागवायचं सोडून त्यांनी तिचा डावा हात सरळ केला. गाव बोललंच. "पोरीच्या जातीनं पखवाज?" मालक म्हणले, "पखवाजाला इचारा, त्याला चालतंय का." सकाळी काकड्याला माणसं कमी असतेत, म्हणून तिला काकड्याला बसवायचे. तिथं एक कायदा हाय. वाजवणाराची लय सुटली की जाणतं माणूस नुसता हात वर करतं. टाळ थांबतेत. पुन्हा पहिल्यापासून धरायचं. कुणी हसत न्हाई, कुणी रागवत न्हाई. चुकलेलं मात्र पुढं न्यायचं न्हाई.

औंदा बँडाचा पहिला अल्बम निघाला, 'पहिला गिअर'. मोबाईलवर आठ गाणी. तिसरं गाणं हाय 'टाकीवर'. रेंज मिळंना म्हणून एक पोरगं पाण्याच्या टाकीवर चढतंय, तिथून पोरीला फोन लावतंय, आन् खाली उभं राहून सगळं गाव ऐकतंय, असं ते गाणं. हसून हसून पोट दुखतंय. शाळेच्या रिकाम्या खोलीत रेकॉर्डिंग चाललं होतं. ऐन मधी लाईट डळमळली, मंगलच्या कानातल्या हेडफोनचा आवाज गेला, आन् दोन ठोके सुटले. ती म्हणली, परत घेऊ. तेवढ्यात लाईट गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी सुट्टी संपत होती, खोली मोकळी करून द्यायची होती. सोमेश्वर म्हणला, "ऱ्हाऊ दे, कुणाला कळतंय?" आन् गाणं तसंच गेलं.

गावानं ऐकलं. कुणी म्हणलं, ह्याच्यावर वरातीत नाचता येत न्हाई. कुणी म्हणलं, पोरगी वाजवताना लई भारी दिसती. वाजवलं कसं, ते कुणीच बोललं न्हाई. मालकांनी ओट्यावर बसून फोन कानाला लावला आन् तिसऱ्या गाण्याला हात वर केला. "मंगल, हितं सुटली बघ." पोरगी इतकी खूश झाली! "कुणाला तरी कळलं, काकू," म्हणली.

मग पुण्याच्या एका साहेबानं मोबाईलवर अल्बमाबद्दल लिवलं. मोठा जाणकार हाय म्हणे, त्यानं चांगलं म्हणलं की हजारो लोक ऐकतेत. सोमेश्वरनं वाचून दाखवलं. टाकीचं गाणं म्हणजे तहानलेल्या मराठवाड्याचा टाहो! अरे मुडद्या, टाकी काठोकाठ भरलेली हाय, पोरगं रेंज हुडकतंय! आन् पुढं ऐका. ते सुटलेले दोन ठोके म्हणजे 'ऊसतोड मजुराच्या लेकीच्या अडखळत्या आयुष्याचा हुंकार, तिने जाणीवपूर्वक मोडलेली लय.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडखळली ती लाईट, माझी लेक न्हाई. सोमेश्वर मात्र दिवसभर ते लोकांना वाचून दाखवत फिरला.

मंगलनं त्या साहेबाला फोन लावला. "साहेब, ते चुकलंय माझं. तसं लिवा." तर तो हसला. म्हणला, "मंगलताई, किती निरागस आहात तुम्ही! आपण काय करून गेलोय ते तुमचं तुम्हालाच कळलेलं नाही." घ्या! पोरगी झोपेत इचारलं तरी मात्रा मोजून सांगती. तिला कळत न्हाई, आन् ह्याला कळतंय.

तिथून त्या दोन ठोक्यांचं खूळच निघालं. शहरातली पोरं त्या जागेचे व्हिडिओ करायला लागली, छातीवर हात ठेवून, डोळे मिटून. पुण्याला कार्यक्रमाचं बोलावणं आलं. सोमेश्वर म्हणला, "मंगल, तिथं तसंच वाजव. लोक त्याच्यासाठीच येणारेत. दोनच ठोके तर हायेत."

"न्हाई," मंगल म्हणली. "मुद्दाम चुकीचं वाजवलं की हाताला सवय लागती. मग हात माझा ऱ्हात न्हाई. दादा, माझ्याकडं हातच हाय, दुसरं काय हाय?"

सोमेश्वरनं मान हलवली. मला वाटलं, समजला.

पुण्याला मी गेलते तिच्यासंगं. मोठा हॉल, पोरापोरींची ही गर्दी. तिसरं गाणं लागलं. ती जागा जवळ आली तसे सगळ्यांनी फोन वर धरले. आन् मंगलनं सरळ, स्वच्छ वाजवलं. माझ्या डोळ्याला पाणी आलं बघा. तेवढ्यात कुणीतरी वरडलं, "ए, चुकलं! परत घ्या!" मग सगळेच वरडायला लागले. सोमेश्वरनं गिटार थांबवली. आमच्यात चुकलं की थांबवतेत, तिथं बरोबर वाजवलं म्हणून थांबवलं! माईकात म्हणतो कसा, "मंगल जरा घाबरली. पहिलाच मोठा स्टेज आहे तिचा. परत घेऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या, लहान लेकराला वाजवतेत तशा.

मला वाटलं, उठावं आन् पायातली चप्पल काढावी. मंगलनं माईक जवळ वढला. "मी घाबरली न्हाई. अल्बमात चुकलंय. आता बरोबर वाजवलंय." गाणं पुन्हा सुरू झालं, पुन्हा ती जागा आली, पुन्हा तिनं सरळ वाजवलं. वर धरलेले फोन खाली गेले. माझ्या म्होरची दोन पोरं उठून चहाला गेली.

दोन दिवसांनी त्या साहेबाचं नवं लिखाण आलं. मी दुकानावर गेलते, तिनंच मला वाचून दाखवलं. 'मंगलच्या वादनातला मातीतला कच्चेपणा पुण्याच्या स्टेजवर हरवला. आता ती नुसतं बरोबर वाजवते.' खाली सोमेश्वरनं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

तिनं फोन पालथा ठेवला आन् गिऱ्हाईकाचं आधार कार्ड मशिनीत घातलं. ती बोलत न्हाई, म्हणून मी बोलते. नुसतं बरोबर? अरे मेल्या, बोटाला भेगा पडल्या पोरीच्या, तरी पखवाजावरून उठली न्हाई. अकरा वर्षं लागली तिला नुसतं बरोबर वाजवायला. तुला ते 'नुसतं' लिवायला किती येळ लागला रे?