अक्काची गादी समुद्रात गेली त्याची गोष्ट

कोकणात जाऊन आलेले लोक माशांच्या ताटांचे आणि नारळाच्या बागांचे फोटो टाकतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बागा आडव्या झाल्या होत्या आणि मासा औषधालाही मिळत नव्हता. महाराष्ट्र तेव्हा नवंनवं राज्य होतं आणि मी वऱ्हाडात जानेफळला नुकताच मास्तर म्हणून चिकटलो होतो.

माझी थोरली बहीण, अक्का, दापोलीच्या खाली समुद्राकाठच्या एका गावात राहायची. भाऊजी तिथे शाळेत होते. दिवाळी सरली आणि तिकडे वादळ झाल्याचं मी आईला पेपरातून वाचून दाखवलं. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. आठवड्याने कार्ड आलं, 'आम्ही सुखरूप, घराचं छप्पर गेलं.' आईने दुसरं वाक्य तेवढं ऐकलं.

"तिले घेऊनच ये. समुद्रापाशी काय ठेवलं हाय? एकटा आला तं मले तोंड दाखवू नको."

प्रवासाचं सांगायचं तर मेहकर, बुलढाणा, मग राजूरचा घाट उतरून मलकापूर, हे सगळं एसटीने. मलकापूरला उतरलो तेव्हा धुळीने मलाच मी ओळखू आलो नसतो. तिथून रेल्वे. नाशिकपर्यंत दुसऱ्याच्या ट्रंकेवर बसलो, पुढे ती ट्रंकही उतरून गेली. मुंबईला कळलं की आगबोट बंद आहे, म्हणून पुन्हा एसटी. आईच्या भाकरी आणि ठेचा महाडपर्यंत पुरला, त्यानंतर चहावर दिवस काढला. तिकिटांचे आकडे आता आठवत नाहीत, कंबर मात्र अजून आठवण काढते. आज आपल्याकडून कोणी जाणार असेल तर वाटेत दोन मुक्काम धरा, एका दमात जायचा हट्ट करू नका.

शेवटच्या तीन कोसांवर एसटीने हात टेकले. रस्त्यावर माड आणि पोफळी पडलेल्या. डोक्यावर आईने दिलेलं ज्वारीच्या पिठाचं गाठोडं घेऊन मी एकेक खोड ओलांडत गेलो. गाव दिसलं तेव्हा आधी काही कळेचना. एक होडी गोठ्यावर चढून बसली होती. विहिरींत खारं पाणी शिरलेलं, प्यायचं पाणी डोंगराच्या झऱ्यावरून आणावं लागे. आणि समुद्र समोर गरीब गाईसारखा उभा. मला त्याचा भयंकर राग आला.

अक्का दारातच भेटली. घरावर छपराऐवजी माडाच्या झावळ्यांची झापं टाकलेली. "बापू, काऊन आला रे एवढ्या लांब?" म्हणाली आणि रडली. मीही रडलो. भाऊजी कुंपणावर शाळेच्या वह्या वाळत घालत होते, ते आमच्याकडे न बघता आत गेले.

तिच्या अंगणात बायका उसवलेल्या गादीभोवती बसून कापूस मोकळा करत होत्या. मी गादी ओळखली. अक्काच्या लग्नात आईने आमच्या शेतातला कापूस स्वतः वेचून, पिंजून घेऊन भरलेली. वादळात सोबत देवळात नेली होती म्हणून तेवढीच कोरडी राहिली होती.

"अक्का, हे काय करून राह्यली?"

"होडी बुजवायची हाय."

मला वाटलं वादळाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला. आमच्याकडे कापूस गादीत जातो, वातीत जातो, बाजारात जातो. होडीत जातो हे कोणाच्या बापाला ठाऊक! शेजारचे गोविंद तांडेल मला हाताला धरून वाळूवर घेऊन गेले. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेल्या कापसाचा पीळ ठासायचा, वर राळ लावायची, तेव्हा होडीत पाणी शिरत नाही.

"वाडीत येवडीच व्हडी धड हाय, पाव्हनं," ते म्हणाले. "ती पान्यात गेली तर बारा घरांची चूल पेटंल. दुकानात कापूस नाय, रस्ता बंद. बायनं आपली गादी काढून दिली."

दोन दिवस मीही पीळ वळले. बोटं सुजली. तिसऱ्या दिवशी मी विषय काढला. "आईनं तुले न्यायले पाठवलं मले. चल."

अक्का हातातला कापूस पिंजत म्हणाली, "वादळाच्या दिवशी आम्ही साऱ्या बाया देवळात होतो. भिंत हलून राह्यली होती. या बायायनं मले मधात बसवलं अन् भिंतीच्या अंगानं सोता बसल्या. म्हणे, तू दूरची, तुह्या आईले आम्ही काय सांगू? आता यायले सोडून मी कशी येऊ, सांग."

मी पुढचा पीळ वळायला घेतला.

होडी पाण्यात गेली तेव्हा तांडेल आत वाकून फळ्यांवरून हात फिरवत होते. हात कोरडा निघाला तसा त्यांनी तो अक्काला लांबूनच दाखवला. दुसऱ्या दिवशी मी एकटाच निघालो. अक्काने गादीची खोळ माझ्या खांद्यावर दिली. रिकामी वस्तू माहेरी धाडायची नाही, म्हणून तिने वादळात पडलेले नारळ तीत भरले होते. मी मनातल्या मनात त्या रीतीला शिव्या घातल्या. तीच झाडं, तीच एसटी, तीच रेल्वे, आणि आता पाठीत टोचणारे नारळ.

जानेफळला आई ओट्यावर बसली होती. तिने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. कोणी नाही. मग खोळ पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मी सगळं सांगितलं, देवळातलं, होडीचं, अक्काचं. आईने नारळ काढून देवापाशी ठेवले, खोळ धुऊन दोरीवर टाकली.

समुद्र म्हटलं की लोकांना लाटा आठवतात. मला ती दोरीवरची खोळ आठवते. संध्याकाळी ती वाळली आणि आईने त्या हंगामाची रुई काढून तीत भरायला घेतली.

"एका होडीले किती लागते रे?"

"मले काय ठाऊक, आई."

"मंग दाबूनच भरू. लेकीले रिकामी खोळ धाडत असतेत का?" गुडघ्याने रुई दाबत तिने माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. "परवा निघजो. उद्या आराम कर."